घरच्या घरी डायलिसिस शिकताना

मधुमेहाने सासूबाईंच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा आमच्या गावातून रत्नागिरी, चार तास मशीनवर, पुन्हा घाटवळणं. त्यात मशीनवर त्यांचं बीपी एकदम खाली यायचं. शेवटी डॉक्टरांनी पोटाचं डायलिसिस सुचवलं, सीएपीडी. म्हणजे पोटात औषधी पाणी सोडायचं, ते रक्तातली घाण ओढून घेतं, मग ते काढून टाकायचं. पोटात एक मऊ नळी कायमची बसवतात, दोनेक आठवडे जखम भरू देतात आणि मग पुढचं सगळं घरच्यांच्या हातात.

शिकवणाऱ्या सिस्टरांनी आधी त्या पाण्याच्या पिशवीला हातच लावू दिला नाही. बांगड्या काढा, पंखा बंद करा, दोघींनी मास्क लावा, हात असे धुवा. आई बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, हे सोवळंच की!" जन्मभर सोवळं पाळलेल्या बाईला जंतुसंसर्गावर व्याख्यान द्यावं लागलं नाही.

आधी पोटातलं जुनं पाणी काढायचं, मग नवं दोन लिटर सोडायचं. अर्धा-पाऊण तास, दिवसातून चार वेळा. काढलेली पिशवी वर्तमानपत्रावर ठेवायची. खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. पाणी गढूळ दिसलं तर पिशवी घेऊन थेट हॉस्पिटल गाठायचं, उद्यावर ढकलायचं नाही. किती घातलं, किती निघालं, वजन, बीपी, सगळं वहीत.

एकदा पाणी निघेचना. मी घाबरून फोन केला, तर सिस्टरांचा पहिला प्रश्न: "आजींना शौचाला झाली का?" आतडी भरलेली असली की नळी दबते म्हणे. रेचक दिलं, दुसऱ्या दिवशी पाणी सुरळीत. हे मात्र आधीच ठळक अक्षरांत लिहून द्यायला हवं होतं.

त्या पाण्यात साखर असते, म्हणून इन्सुलिन वाढवावं लागलं. प्रथिनं पाण्यावाटे जातात, पण अंडं त्या खाणार नाहीत. मग पनीर आणि मूग. आणि महिन्याच्या 120 पिशव्या ठेवायच्या कुठे? कोकणातला पाऊस, भिंतींना ओल. माजघरात फळ्या टाकून खोकी रचली, पाहुण्यांची कॉट पडवीत गेली.

यांनाही शिकायला मीच लावलं, नाहीतर मला माहेरी एक रात्र राहता आलं नसतं. आता रात्रीची पिशवी यांच्याकडे. मुलगा हात नीट धुतो की नाही, यावर आईंची नजर असते. कमी वेळ धुतले तर परत पाठवतात.