झडप दुरुस्ती: मधलं हाड कापून की बरगड्यांमधून?

अण्णांच्या हृदयातल्या मायट्रल झडपेला धरून ठेवणारा एक दोरा तुटून रक्ताची उलटी गळती तीव्र झाली होती. मिरजेत इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला तेव्हाच डॉक्टर म्हणाले, झडप बदलायला नको, दुरुस्त होईल. प्रश्न उरला तो छाती कुठून उघडायची एवढाच.

पारंपरिक पद्धतीत छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी बांधतात. छोट्या छेदात उजवीकडे बरगड्यांमधून ५ ते ७ सेंटीमीटरची चीर असते. आतलं काम तेच: नवा कृत्रिम दोरा आणि झडपेच्या कडेला रिंग. पण छोट्या छेदात हार्ट-लंग मशीनच्या (ऑपरेशनभर हृदय-फुप्फुसाचं काम करणाऱ्या यंत्राच्या) नळ्या बहुधा जांघेतून घालतात आणि मशीनवरचा वेळही सहसा वाढतो. म्हणून आधी छातीपासून जांघेपर्यंत सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन, करतात. महाधमनीत (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीत) कॅल्शियम साठलेलं असेल, तर जांघेतून उलट वर जाणाऱ्या रक्ताबरोबर त्याचे कण सुटून मेंदूत अडकू शकतात. जुन्या टीबीने उजवं फुप्फुस छातीला चिकटलेलं असेल तरीही ही वाट अवघड होते.

अण्णांच्या सीटीत कॅल्शियम दिसलं, त्यामुळे हाड कापायचं ठरलं. ते योग्यच झालं असं मला वाटतं. लहान व्रणापेक्षा गळती पूर्ण थांबणं महत्त्वाचं. सर्जनना दोनच गोष्टी नक्की विचारा: या पद्धतीने तुम्ही वर्षाला किती झडपा दुरुस्त करता, आणि ऑपरेशन टेबलावरच्या इकोत गळती उरली तर पुढे काय?

छोट्या छेदात रक्त कमी जातं, माणूस लवकर कामाला लागतो. मात्र बरगडीची नस दुखत राहू शकते, जांघेत पाणी साठू शकतं. हाड कापलं की ते जुळायला साधारण ३ महिने. तोवर हळदीचं पोतं सोडाच, भरलेली घागरही उचलायची नाही, दुचाकी नाही, हातावर जोर देऊन उठायचं नाही. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. हाडात कट् असा आवाज आला किंवा जखमेतून पाणी आलं, तर त्याच दिवशी दाखवायचं. मधुमेह असेल तर साखरेवर कडक लक्ष हवं. हाडाचा जंतुसंसर्ग फार छळतो.

अण्णांना सुरुवातीचे ३ महिने रक्त पातळ करणारी ॲसिट्रॉम होती, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) २ ते ३ मध्ये ठेवायचा. पालेभाजीने या गोळीचा परिणाम कमी होतो, म्हणून पालक-मेथी बंद नाही, पण प्रमाण रोज सारखं. अंगदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर आणायची नाही, रक्तस्राव होतो. दात ऑपरेशनआधीच तपासून घ्या. पुढेही दात काढायची वेळ आली, तर झडपेत रिंग आहे हे दातांच्या डॉक्टरांना आधी सांगायचं, म्हणजे झडपेला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून ते आधी अँटिबायोटिक देतात.