धर्मपुरी ते नातेपुते

आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या माउलींच्या वारीत भजनाची मालिका ठरलेली असते. मंगलाचरण, काकडा, भूपाळ्या, वासुदेव, आंधळे, पांगळे अशी रूपकं, गौळणी, त्या त्या वाराचे अभंग आणि मग हरिपाठ. आज काय गावंसं वाटतंय, असं कुणी कुणाला विचारत नाही. सुरुवातीचे दिवस मला याचा जाच व्हायचा. रात्री तंबूत पाणी शिरलेलं, झोप झालेली नाही, आंघोळीला ओळ लागलेली; आणि वीणेकऱ्याने सूर धरला की उभं राहून गायचंच.

त्यातून आम्ही बायका दिंडीत मागे. पुढे पताका, टाळकरी, मृदुंग, वीणा. मागे तुळशी आणि आम्ही. मागे चाल उशिरा पोचते. पुढचे दुसऱ्या चरणावर गेलेले असतात आणि पाठच्या दिंडीचा वेगळाच अभंग कानावर येत असतो. घरी मी पहाटे देवापुढे डोळे मिटून बसते, तेव्हा पंखासुद्धा बंद करते. इथे नाम घ्यायचं ते टँकरच्या हॉर्नमध्ये, स्वागताच्या फलकांखाली लावलेल्या कर्ण्यांच्या आवाजात, मध्येच आडवे येऊन फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत. त्या फोटोवाल्यांचा मला राग यायचा आणि अजूनही येतो. तुळस डोक्यावर घेतलेल्या बाईला ‘जरा थांबा, इकडे बघा’ म्हणतात. ती चाललीय कुणाकडे, आणि बघायचं कुणाकडे!

दिवे घाट, जेजुरीचा भंडारा, नीरेचं स्नान, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, जिथे दिंड्यांमधून माउलींचा अश्व धावतो, फलटण. हे दिवस आता एकमेकांत मिसळून गेलेत. बरड ते नातेपुते तेवढं लख्ख आठवतं.

धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागला. जेवून उठले तर उजवा पाय टेकवेना. चवड्यावर मोठा फोड आला होता, टाचेवर दुसरा. मोजा चिकटला होता. आमची दिंडी निघाली. मी चार पावलं चालले आणि रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसले. डांबरावरून वाफा येत होत्या. दिंड्यांमागून दिंड्या जात होत्या, प्रत्येकीचा टाळ अंगावरून जात होता आणि माझ्या तोंडात नाम नव्हतं. रडू येत होतं, तेही भक्तीचं नव्हे.

शेजारी एक आजी टेकल्या होत्या. परभणीकडच्या दिंडीतल्या. नऊवारीचा ओचा खोवलेला, गळ्यात तुळशीची माळ, मांडीवर टाळ. ओठ हलत होते. ओठ न थांबवताच त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं.

“काढ माय ते पायतान.”

मी नको नको म्हणत असतानाच त्यांनी माझा पाय ओढून मांडीवर घेतला. सत्तरीच्या बाईच्या मांडीवर आपला मळका पाय! मी आक्रसून गेले. त्यांनी आधी पायाला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला नेला, मग चंचीतून सुई-दोरा काढला. आगपेटीच्या काडीवर सुई तापवली, दोरा हळदीच्या तेलातून ओढला.

“फोड फाडायचा नसतो. दोरा आत राहू द्यायचा. पानी आपसूक झिरपतंय.”

सुई एका कडेने आत गेली, दुसऱ्या कडेने बाहेर आली. दोन्ही टोकं बोटभर ठेवून त्यांनी दोरा तोडला. या सगळ्यात नाम चालूच होतं. मध्येच एक मोटारसायकलवाला गर्दीत घुसला, तेव्हा आजींनी त्याला दोन खणखणीत शिव्या दिल्या, तो बाजूला झाला, आणि ‘ज्ञानोबा’ म्हणून सोडलं होतं तिथून त्यांनी पुढचं ‘तुकाराम’ उचललं. राग आला, तो बोलून झाला, नाम जागेवरच होतं. मी इतकी वर्षं राग ओसरायची वाट बघत आसनावर बसायची. मन निवळलं की मग जप सुरू. त्या बाईचा जप मन निवळायची वाट बघतच नव्हता.

मी उठले. पाऊल टाकलं तर टाचेतून कळ डोक्यात गेली.

“बसलीस की दुखनं बी बसतंय. हे धर.” त्यांनी टाळ माझ्या हातात दिला. “पाय बघू नको. टाळामागं जा.”

टाळ जड असतो. दोरी बोटांत रुतते आणि थोड्या वेळात खांद्यापासून हात भरून येतो. त्यांची दिंडी समोरून जात होती, आम्ही दोघी तिच्या शेवटी मिळालो. अनोळखी दिंडी, अनोळखी चाल, पण ठेका तोच. ज्ञानोबा माउली तुकाराम. मी ठेका चुकले की आजी माझ्या मनगटावर बोटाने वाजवायच्या. शिंगणापूर फाटा कधी गेला कळलं, कारण तिथे कळ पुन्हा उठली. त्यापुढचं मात्र कळलं नाही. दुखणं थांबलं होतं असं मी म्हणणार नाही, पाय दुखतच होता. पण ते दुखणं टाळाच्या दोन ठोक्यांमध्ये येऊन बसलं होतं, आणि त्याला तेवढीच जागा होती. असं ध्यान मला मिटल्या डोळ्यांनी कधी लागलेलं नाही.

नातेपुत्याला समाज आरतीला, म्हणजे मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्यांच्या एकत्र आरतीला, मी त्यांच्याच दिंडीत उभी राहिले. सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी हातातला दंड, म्हणजे चोप, वर केला, “होऽऽ” अशी आरोळी दिली आणि तळावरचे सगळे टाळ थांबले. एवढ्या माणसांच्या मधोमध कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज आला. एक दिंडी मात्र वाजवत राहिली, म्हणजे त्यांची काही तक्रार होती. चोपदार तिकडे गेले, ऐकून घेतलं, तेव्हा तो टाळ थांबला. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या, उद्याच्या निघण्याची वेळ सांगितली, मग आरती. गाऱ्हाणं सांगायला इथे नाम सोडावं लागत नाही, त्याच टाळाने सांगता येतं, हे मला फार मोठं वाटतं. माउलींच्या पालखी सोहळ्याला ही शिस्त तो सुरू करणाऱ्या हैबतबाबांनी घालून दिली असं सांगतात. त्यांना तिथूनच हात जोडले.

टाळ परत देताना मी आजींच्या पाया पडले, त्या माझ्या पडल्या. नाव विचारलं नाही, त्यांनीही नाही. दिंडी शोधायला मला रात्रीचे साडेनऊ झाले. आमच्या विणेकरीबाबांनी पाय बघितला, दोऱ्याकडे बघून मान डोलावली आणि आमटी-भात वाढायला सांगितला.

पुढे खुडूसचं रिंगण, वेळापूर, वाखरी. बाजीरावाच्या विहिरीपाशी अश्व धावला तेव्हा मी गर्दीत त्या आजींना शोधत होते. सापडल्या नाहीत. पंढरपुरात कळसाचं दर्शन घेतलं, चंद्रभागेत पाय बुडवले. पदस्पर्शाची रांग फार लांब गेली होती. माझी ताकद संपली होती आणि नुसत्या कळसाने मन भरलं होतं.

परतीच्या एसटीत जागेवरून दोन कुटुंबांचं कडाक्याचं भांडण लागलं. पिशव्या फेकाफेकीपर्यंत गेलं. दिवेलागणीची वेळ होती. मागच्या बाकावरून कुणीतरी ‘देवाचिये द्वारी’ सुरू केलं. भांडण लगेच थांबलं नाही. पहिले दोन-तीन अभंग त्या आवाजातच झाले. मी टाळ्यांनी ठेका धरला, शेजारच्या बाईंनी धरला, आणि भांडणाऱ्यांपैकी एक जण पिशवी मांडीवर घेऊन, रागाने लाल झालेल्या चेहऱ्यानेच, चौथ्या अभंगाला आमच्यात मिळाला.