26 दिवस गोदामात पडलेल्या थायरॉईडच्या गोळ्या : माझा अनुभव

गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या थायरॉईडच्या गोळ्या मुंबईतील एका कुरिअरच्या गोदामात 26 दिवस पडून होत्या, आणि तिथे तापमान किती आहे, हे मला शेवटपर्यंत कोणीही सांगितले नाही. त्याचा राग अजून शमलेला नाही.

अमेरिकेत असताना नऊ वर्षे मी डुकराच्या वाळवलेल्या थायरॉईड ग्रंथीपासून केलेली गोळी घेत होते. एका ग्रेनच्या, म्हणजे 60 मिलिग्रॅमच्या त्या गोळीत टी-4 आणि टी-3 ही थायरॉईडची दोन संप्रेरके (हार्मोन्स) साधारण 38 आणि 9 मायक्रोग्रॅम असतात. नागपूरला परतल्यावर ती मला कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळाली नाही. जवळचा साठा संपत आला, तेव्हा न्यू जर्सीला राहणाऱ्या धाकट्या बहिणीने 90 गोळ्यांची बाटली कुरिअरने पाठवली.

पार्सल मुंबईत पोहोचले आणि तिथेच अडकले. पहिल्या फोनवर डॉक्टरांची चिठ्ठी मागण्यात आली, ती मी तासाभरात पाठवली. चार दिवसांनी सांगण्यात आले की चिठ्ठी भारतातील डॉक्टरांची हवी. तीही दिली. त्यानंतर आठवडाभराने कळले की प्रवासी सामानातून न येता पार्सलने येणाऱ्या औषधासाठी केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेचा परवाना लागतो. त्यासाठी नमुना 12-अ मध्ये अर्ज करायचा आणि नमुना 12-ब मध्ये परवाना मिळतो. नियमाबद्दल माझी तक्रार नाही, तो योग्यच आहे. परंतु ही एक ओळ पहिल्याच दिवशी सांगितली असती, तर अर्धे दिवस वाचले असते. (बहीण दिवाळीत येणारच होती, तिच्या हाती आलेल्या बाटलीलाही हाच परवाना लागला असता का, हे आधी विचारून घ्यायला हवे होते. स्वतःच्या वापराचे औषध स्वतःच्या सामानातून, चिठ्ठीसह आणणे हाच सरळ मार्ग आहे.)

या काळात मी जवळजवळ रोज फोन करून एकच प्रश्न विचारत होते : खोके कुठे ठेवले आहे, आणि ती खोली थंड आहे का? उत्तर ठरलेले होते, "मॅडम, पार्सल सेफ आहे." सेफ म्हणजे हरवलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. मे महिन्यातील मुंबईची दमट हवा, त्यानंतर नागपूरपर्यंतचा प्रवास आणि शेवटी 45 अंशांच्या उन्हात घरोघर फिरणारी डिलिव्हरीची काळी पिशवी, या सगळ्यातून ती बाटली माझ्या दारात आली.

उघडली तेव्हा गोळ्या अगदी जशाच्या तशा दिसत होत्या. तोच फिकट रंग, तोच ओळखीचा उग्र वास, कुठे भुगा नाही की डाग नाही. लेबलवरची मुदत संपायलाही आठ महिने होते. परंतु ती मुदत बाटली लेबलवर सांगितल्याप्रमाणे ठेवली असेल तरच खरी, आणि गोळीतील ताकद कमी झाली आहे का, हे डोळ्यांना दिसत नाही. ग्रंथीची गोळी नैसर्गिक असल्यामुळे अधिक टिकते, असे मला अनेकांनी सांगितले होते. मी ते मानत नाही. टी-4 ग्रंथीच्या आणि कृत्रिम, अशा दोन्ही प्रकारच्या गोळ्यांत आहे, आणि उष्णता, उजेड व ओल यांचा त्याला त्रास होतो. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे कृत्रिम टी-4, हेही यातून सुटलेले नाही : मुदत संपण्याआधीच ताकद घटते, अशा तक्रारींमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1997 साली त्याच्या उत्पादकांना रीतसर मंजुरी घ्यायला लावली आणि 2007 साली संपूर्ण मुदतीत 95 ते 105 टक्के ताकद राखण्याची अट घातली. ग्रंथीच्या गोळ्यांना तिथे अशी मंजुरीच मिळालेली नाही, आणि 2020 साली त्यांचे काही लॉट मात्रा कमी किंवा जास्त भरल्यामुळे परत बोलवावे लागले. हे वाचल्यावर माझा निर्णय झाला. ती बाटली मी वापरली नाही.

दरम्यान येथील डॉक्टरांनी लेव्होथायरॉक्सिन सुरू केले होतेच. पहिले दोन आठवडे थकवा जाणवला, पुढे सुरळीत झाले. सहा आठवड्यांनी रक्तातील टीएसएच (थायरॉईडचे काम नीट चालले आहे का, हे दाखवणारी तपासणी) 2.6, म्हणजे सामान्य आला, तेव्हा मला खरोखर हायसे वाटले. कंपनी बदलली तरी सहा आठवड्यांनी तपासणी करून घ्यावी, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले.

आता मी बाटली स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात न ठेवता निजायच्या खोलीतील कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवते, झाकणावर उघडल्याची तारीख लिहिते आणि आतली ओल शोषणारी पुडी फेकत नाही. महिन्याभराच्या गोळ्या प्लास्टिकच्या डबीत काढून ठेवण्याची जुनी सवय मोडली आहे. दुकानात शोकेसमधली, दुपारचे ऊन लागणारी बाटली नको, आतली द्या, असे स्पष्ट सांगते. पहिल्यांदा दुकानदार नाराज झाले, आता स्वतःहून आतून आणून देतात. उन्हाळ्यात औषध आणायला संध्याकाळीच जाते, आणि येताना ते गाडीच्या डिकीत न टाकता पर्समध्ये ठेवते.