बैलगाडीची धाव आणि रेबेका विंटर्स

डेन्व्हरहून उत्तरेला साधारण साडेतीन तास गाडी हाकली की अमेरिकेच्या नेब्रास्का राज्याच्या पश्चिम टोकाला स्कॉट्सब्लफ हे गाव लागतं. बीटची शेतं, त्या बीटापासून साखर काढणारा कारखाना आणि संपता न संपणाऱ्या कोळशाच्या मालगाड्या. पर्यटक येतात ते नदीपलीकडचा उंच कडा बघायला. गावाच्या पूर्वेला, रुळांजवळ रस्त्याकडेला एक कुंपण घातलेलं थडगं आहे, तिथे फार कोणी थांबत नाही.

थडग्यावर गाडीच्या चाकाची लोखंडी धाव कमानीसारखी रोवलेली आहे आणि तिच्यावर छिन्नीनं कोरलंय: रेबेका विंटर्स, वय ५०.

रेबेकानं काही शोधलं नाही, कुठली वसाहत स्थापली नाही. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना इलिनॉयमधून हुसकावून लावल्यावर ते टप्प्याटप्प्यानं पश्चिमेला सॉल्ट लेकच्या खोऱ्याकडे निघाले. त्यातल्याच एका तांड्याबरोबर १८५२ मध्ये ती नवरा हायरम आणि मुलांसह निघाली होती. प्लॅट नदीकाठी तिला पटकी (कॉलरा) झाली आणि १५ ऑगस्टला ती गेली.

पटकी अमेरिकेच्या माळरानावर आली कुठून? मूळ आपल्याकडचंच. १८१७ च्या सुमारास बंगालातून साथ पसरली, पुढच्या लाटा जहाजांतून युरोपात आणि अमेरिकेत पोचल्या आणि आगबोटींतून मिसुरी नदीवर चढल्या. तिथून पुढे तांड्यांचे तळ. शेकडो माणसं एकाच जागी मुक्काम करणार, तिथेच शौचाला बसणार आणि तिथेच खड्डा खणून पाणी पिणार. सकाळी ठणठणीत असलेला माणूस संध्याकाळी संपायचा. आपल्याकडे त्याच काळात मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडत. पाण्यातून रोग पसरतो हे तेव्हा दोन्हीकडे कोणाला ठाऊक होतं?

या वाटेवर हजारो माणसं मेली, पण कबरी फार थोड्यांच्या सापडतात. लांडग्यांनी उकरू नये म्हणून पुरलेल्या जागेवरून मुद्दाम गाड्या नेत, खूण पुसून टाकत. कोणी लाकडी फळी ठोकलीच, तर ती दोन-चार वर्षांत कुजायची. रेबेकासाठी मात्र खोल खड्डा खणला, खाली-वर फळ्या टाकल्या, आणि विल्यम रेनॉल्ड्स नावाच्या स्नेह्यानं धाव घेऊन तिच्यावर अक्षरं कोरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायचं असताना लोखंडावर एकेक अक्षर ठोकत बसणं ही सोपी गोष्ट नव्हे. तिचं नाव उरलं ते या माणसाच्या हट्टामुळे.

१८९९ मध्ये रेल्वेची मोजणी करणाऱ्यांना ही कमान सापडली, आणि रूळ थडग्याच्या बाजूनं नेले गेले. बातमी युटापर्यंत, म्हणजे सॉल्ट लेकच्या खोऱ्यापर्यंत पोचली. तिच्या जन्मशताब्दीला, १९०२ साली, नातलगांनी दगडी स्मारक उभारलं. त्यावर बरंच काही आहे: तिचे वडील जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्यात ढोल वाजवणारा पोरगा होते, तिनं श्रद्धेपायी प्राण दिले, वगैरे. मला लोखंडावरचा मजकूर जास्त आवडला. त्यात कोणाला काही पटवून द्यायचं नाही.

एक गोष्ट मात्र तिथे उभं राहून खटकते. ज्यांना इकडे मोठ्या अभिमानानं पायोनियर, म्हणजे वाट पाडणारे, म्हणतात, त्यांच्या वाटेवर आधीपासून माणसं राहत होती. याच गाड्यांबरोबर आलेल्या पटकीनं १८४९ मध्ये शायेन आणि पॉनी या मूळ जमातींच्या लोकांची वस्तीच्या वस्ती उठवली. इथून पश्चिमेला जवळच, हॉर्स क्रीकपाशी, १८५१ मध्ये अमेरिकन सरकारनं अनेक जमातींशी मोठा तह केला. तो काही वर्षांतच मोडला. पटकीनं मेलेल्या त्या लोकांच्या नावानं कोणी धाव रोवली नाही.

थडगं आज आहे ती मूळ जागा नाही. बघायला येणारे लोक रुळांच्या फार जवळ जात, म्हणून रेल्वे कंपनीनं १९९५ मध्ये ते काही शे फूट पूर्वेला हलवलं. पुन्हा पुरताना तिचे वंशज हजर होते.

जाणार असाल तर पूर्वेकडून या. आधी चिम्नी रॉक हा खडकाचा सुळका लागेल, मग ही जागा, मग नदीपलीकडचा कडा. पहिल्या दोन खुणांपर्यंत विंटर्स कुटुंब सगळं मिळून आलं होतं. कड्याजवळून पुढे गेले ते तिच्याशिवाय.