सर्टिफिकेट करू की नको?
दोन महिने डोक्यात एकच भुंगा, प्रोग्रामिंगचं सर्टिफिकेट करायचं का. फी दिसतेच हो, पण खरा खर्च म्हणजे रात्री जागून केलेला अभ्यास, आणि नापास झालं की बहुतेक ठिकाणी परत पैसे भरा. वर एक्सपायरी! एडब्ल्यूएसचं, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचं, ३ वर्षांनी संपतं, जावा या प्रोग्रामिंग भाषेचं तर व्हर्जनलाच चिकटलेलं, ८ आलं २०१४ला, २१ आलं २०२३ला, मग जुनं किती दिवस मिरवणार. फ्रीकोडकॅम्प नावाचं संकेतस्थळ कोडिंग शिकवतंही फुकट आणि सर्टिफिकेटही देतं, हे कळल्यावर कपाळावर हातच मारला. तरी डिग्री दुसऱ्याच विषयाची असेल तर बायोडेटा चाळणाऱ्याला कागद दिसतो, तेवढा फायदा आहे. पण इंटरव्ह्यूत साधा लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) लिहा म्हटल्यावर कागद काय बोलणार? सध्या गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, छोटं प्रोजेक्ट टाकतेय, सर्टिफिकेटचा फॉर्म अर्धवट भरून तसाच पडलाय.