कार्डाआधी खर्च पाहावा
आज धाकट्या बहिणीसाठी कॅशबॅकचे क्रेडिट कार्ड निवडताना आम्ही आधी तिचे बँक स्टेटमेंट उघडले. किराणा, दूध, औषधे यांचे बहुतेक पैसे कोपऱ्यावरच्या दुकानांत क्यूआर कोडवर जातात. त्यामुळे केवळ ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के देणारे कार्ड तिच्या फारसे उपयोगाचे नव्हते. यूपीआयला जोडता येणारे रुपे क्रेडिट कार्ड (ही सोय २०२२ पासून आहे) तिला सोयीचे वाटले. मात्र यूपीआय व्यवहारांवर कॅशबॅक मिळतो का, त्याची मासिक मर्यादा किती आणि पेट्रोल, घरभाडे वगळले आहे का, हे अटींत बारकाईने वाचावेच लागते. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून ऑटो-पे (खात्यातून बिल आपोआप भरण्याची सोय) बिलातल्या किमान रकमेवर न ठेवता पूर्ण बिलावर ठेवण्याचा आग्रह मी धरला.