विजेची भीती घेऊन नाथांच्या पालखीत

नाथांची, म्हणजे संत एकनाथांची, पालखी पैठणहून ज्येष्ठ वद्यात निघते. आषाढी दशमीला ती पंढरपुरात पोचते. म्हणजे चालायचे दिवस साधारण मिरगाचे शेवटचे आणि आर्द्राचे. त्या दिवसांत बीड-धाराशिवकडचं आभाळ कसं असतं हे इकडच्या माणसाला सांगायला नको. दुपारपर्यंत अंगाची लाही करणारं ऊन, आणि तीन-चारच्या सुमाराला कुठल्या तरी कोपऱ्यातून काळं भरून येतं. पाऊस पडो न पडो, विजा हमखास.

मी सातवीत होते तेव्हा थोरला भाऊ पेरणीच्या दिवसांत वावरातल्या लिंबाखाली थांबला आणि वीज पडून तिथंच गेला. बैल झाडापासून आठ-दहा पावलं लांब होते, तेही गेले. मी बांधावर होते. त्यापेक्षा जास्त इथं लिहिणार नाही.

तेव्हापासून गडगडलं की माझे हातपाय गार पडतात. सासरी आले तरी तेच. मिरगाच्या तोंडावर वावरात जायचं म्हटलं की मी काहीतरी घरातलं काम काढायची. घरच्यांनी कधी बोल लावला नाही, हे त्यांचे उपकारच.

आमच्या घरात नाथांच्या दिंडीची वारी आहे, आणि ती आत्याबाई करायच्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि डॉक्टरांनी चालायला मनाई केली. एका रात्री जेवणं झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘वारी मोडायची नाही. तू जातीस का?’ मी म्हटलं, ‘आत्याबाई, मला विजेचं भ्या वाटतं.’ त्या म्हणाल्या, ‘भ्या वाटतं म्हणून तर तुला म्हणते. तू आभाळाकडं बघून चालशील. बाकीचे खाली बघून चालतात.’

हे बोलणं माझ्या मनातून गेलं नाही. इतकी वर्षं मी भीतीपासून तोंड लपवत होते. ती काय सांगते ते कधी ऐकून घेतलं नव्हतं. गावातल्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांकडे गेले आणि सरळ विचारलं, वीज माणसाला मारते कशी? सरांनी आकृती काढून दाखवली. झाडावर पडलेली वीज झाडापाशीच संपत नाही. खोडातून जमिनीत उतरते आणि जमिनीतून चहूकडे पसरते. पाय फाकलेले असले की एका पायातून चढते, दुसऱ्यातून उतरते. जनावराचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, मधे काळीज, म्हणून गुरं जास्त दगावतात.

म्हणून बैल गेले. आमच्याकडे त्यावर काय काय बोललं गेलं होतं, कुणाचा कोप, कुणाचं पाप. माझी आई ते ऐकत म्हातारी झाली. सरांच्या टेबलासमोर बसून मला रडू आलं, आणि त्यानंतर खूप हलकं वाटलं.

दुसरी गोष्ट त्याहून जड होती. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर आपल्यालाही झटका बसतो, असं आमच्याकडे सगळे धरून चालतात. तसं नसतं. अंगात वीज साठून राहत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच हात लावायचा, छाती दाबायला घ्यायची, १०८ला फोन करायचा. माझ्या भावाला बराच वेळ कुणी हात लावला नव्हता. लगेच लावला असता तर तो वाचला असता असं मी म्हणत नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण पुढच्या माणसाला हात लावला गेला पाहिजे.

सरांनी फोनवर ‘दामिनी’ ॲप घालून दिलं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं ते तयार केलंय. आपल्या भोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या घेऱ्यात वीज पडत असेल तर ते दाखवतं. आणि रेंज नसली तर मोजायचं. चमकलं की एक, दोन, तीन. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आडोसा गाठायचा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

एवढं गाठीला बांधून मी पैठणला गेले. १५९९ साली ज्या गोदावरीत नाथांनी देह ठेवला तिच्या काठावर डोकं टेकवलं आणि ‘भानुदास एकनाथ’च्या गजरात चालायला लागले. पहिले काही मुक्काम आभाळानं त्रास दिला नाही. पायांनी दिला. त्याबद्दल लिहिण्यासारखं विशेष नाही, सगळ्यांच्याच पायांना फोड येतात.

रायमोहा सोडलं की बालाघाटाचा चढ लागतो. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना उघडं माळरान, मधेच एखादं एकटं झाड. पाटोद्याच्या बाजूला आलो तेव्हा पश्चिमेकडून आभाळ काळंनिळं झालं. वारा एकदम पडला. फोनला रेंज नव्हती. पहिली चमक दिसली आणि मी मोजायला लागले. चव्वेचाळीसला आवाज आला. माझ्या पोटात गोळा आला, हात गार पडले, सगळं नेहमीसारखंच. फक्त या वेळी ओठ मोजत होते. दुसरी वेळ, पस्तीस. मी टाळ कमरेला बांधले आणि दिंडीच्या मागच्या टोकापासून पुढे पळत सुटले.

‘माउली, पाय उचला! पुढं शाळा आहे, शाळेत चला!’

आमच्या दिंडीत बरीच म्हातारी माणसं. त्यातल्या काही बायका थेंब पडायच्या आधीच वडाखाली जाऊन उभ्या राहिल्या होत्या. माणूस झाडाखालीच जाणार, पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. मी त्यांना हाताला धरून ओढलं. एक मावशी रागावल्या, ‘पोरी, भिजून मरू का?’ मी म्हटलं, ‘मावशी, भिजलेलं वाळतं.’ माझ्या आवाजात काहीतरी असावं. त्या आल्या. पताका घेतलेल्या पोरांच्या हातात स्टीलचे पाइप होते, त्यांना पताका आडव्या करून ट्रकमध्ये टाकायला लावल्या. ट्रकच्या मागच्या ताडपत्रीखाली बसू नका, बसायचं तर केबिनमध्ये काचा लावून बसा, हेही ओरडून सांगितलं. बंद पत्र्याच्या गाडीत वीज बाहेरून जमिनीत उतरते, ताडपत्रीखाली तो आधार नाही.

विणेकरी बाबा रस्त्यात उभे होते. वय झालेलं, पळणं शक्य नाही.

‘बाबा, केबिनमध्ये बसा.’

‘वीणा खाली ठेवता येत नाही, माय.’

‘ठेवू नका. गळ्यात घेऊनच बसा.’

त्यांना ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि दार लावलं. तोवर आकडा बारावर आला होता.

मी आणि तुळसवाल्या काकू मागे राहिलो. शाळा अजून लांब होती, ट्रक भरला होता. रस्त्याकडेच्या सखल जागी आम्ही उकिडव्या बसलो, टाचा एकमेकींना चिकटवून, एकमेकींपासून अंतर राखून. हा उपाय शेवटचा, दुसरं काहीच हाताशी नसेल तेव्हाचा. काकूंनी डोक्यावरची तुळस उतरवून पितळी वृंदावनासकट बाजूला ठेवायला नकार दिला. मग मी ती उचलून लांब ठेवली आणि परत येऊन बसले. चिखलात माझ्या पायाची बोटं रुतली होती, आणि पावसाच्या थेंबांनी तुळशीची पानं थडथडत होती, एवढंच मला दिसत होतं. चमकलं. एक, दोन, तीन, आणि आवाज. एक किलोमीटर. काकू मोठ्यानं नाथांचं नाव घेत होत्या, मी मोठ्यानं आकडे. पुढे आकडे वाढायला लागले. नऊ. सोळा. सत्तावीस.

त्या वडावर वीज पडली नाही. हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टीत शेवटी झाड जळालेलं असावं अशी ऐकणाऱ्याची अपेक्षा असते. झाड आजही तिथं असेल.

त्या रात्री कीर्तनात महाराजांनी नाथांची गोष्ट सांगितली. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात एक पोर रडत होतं, ज्याला शिवायचं नाही असं त्या काळानं ठरवलं होतं, आणि नाथांनी त्याला उचलून कडेवर घेतलं. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलेय. त्या रात्री मला वावरातला लिंब दिसला, आणि हात न लावता उभी राहिलेली माणसं. त्यांचा राग मात्र आला नाही. तीही माझ्यासारखीच भ्यालेली होती, फक्त त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं.

कीर्तनानंतर मी महाराजांकडे पाच मिनिटं मागितली. एवढ्या माणसांपुढे मी कधी बोलले नव्हते. झाड, पताका, ट्रक, मोजणं आणि हात लावणं, एवढंच सांगितलं. पुढे खर्ड्याला आणि परंड्यालाही शेजारच्या दिंड्यांतून बोलावणं आलं. सकाळी निघताना बायका विचारायच्या, ‘ताई, आज आभाळ काय म्हणतंय?’

मी अजून भिते. मागच्याच आठवड्यात वळीव झाला तेव्हा हात गार पडलेच. पण भाकरी तव्यावर करपली नाही, मोजता मोजता उलटली.

यंदा पताकांना स्टीलचे पाइप नाहीत, बांबू आहेत, आणि गडगडलं की बांबूही आडवे करायचे असं ठरलंय. ट्रकच्या ड्रायव्हरदादांसोबत बसून रस्त्यावरच्या शाळांची आणि मंगल कार्यालयांची यादी करतेय. रायमोह्याचा चढ दुपारी उन्हं कलायच्या आत उरकायचा म्हणून म्हातारी माणसं त्या दिवशी पालखीच्या पुढे निघतील. त्यांच्या चहाचं आधण तासभर आधी चढवावं लागेल. ते माझ्याकडे आहे.